थांबायचं कुठे? किशोरीताईंचा भूप ऐकताना

गेल्या पावसाळ्यात हर्णे बंदरातल्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या. वीज येत होती, जात होती. अशाच एका रात्री टीव्हीवर दूरदर्शनच्या संग्रहातली एक जुनी मैफल लागली. किशोरी आमोणकर भूप गात होत्या. मांडीवर स्वरमंडल, डोळे मिटलेले. मी संगीत शिकलेली नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. लयीशी माझी ओळख शेराच्या वजनातून झालेली. तरी संपेपर्यंत जागची हलले नाही. शेजारी मामू बसले होते. त्यांनी विचारलं, "यात आपलं काय आहे गं?" प्रश्नात राग नव्हता, म्हणूनच तो मनात राहिला. हा लेख म्हणजे मामूंना द्यायचं राहून गेलेलं उत्तर.

भूपात स्वर पाचच. सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. शाळेतल्या पोरांनाही पेटीवर वाजवता येईल इतका सोपा. पण देसकार रागातही हेच पाच स्वर आहेत, आणि तरीही ते दोन राग वेगळे. भूपाचा जीव गंधारात, देसकाराचा धैवतात. म्हणजे सामान एकच. कुठे थांबायचं आणि कुठून नुसतं पुढे जायचं, एवढ्यावर राग ठरतो.

हे वाचून आपल्यापैकी अनेकांना मदरशातले दिवस आठवतील. तिलावत शिकवताना उस्ताद वक्फच्या जागा दाखवायचे. इथे थांबायचं, इथे थांबायचं नाही. चुकीच्या ठिकाणी श्वास घेतलात तर अर्थ फिरेल. कलामे-पाकची आणि गाण्याची तुलना मला करायची नाही, तसा माझा अधिकारही नाही. पण थांबण्यात अर्थ असतो हे माझ्या कानाला प्रथम तिथे कळलं, आणि त्याच कानाने मी त्या रात्री किशोरीताईंचा गंधार ऐकला.

तो गंधार त्या सहजासहजी देत नाहीत. त्याच्याजवळ येतात, रिषभावरून परत फिरतात, षड्जावर विसावतात, पुन्हा निघतात. टीव्हीला हे सोसत नाही. कॅमेरा कंटाळून तबल्यावर जातो, तानपुऱ्यावर जातो. बाईंना त्याचं काही नाही. मैफलीत श्रोत्यांनी गडबड केली तर त्या ताडकन बोलत, हे सर्वांना ठाऊक आहे. अनेकांनी त्याला गर्व म्हटलं. मला त्या रात्री ती शिक्षिकेची शिस्त वाटली. वर्ग शांत झाल्याशिवाय धडा सुरू करायचा नाही, एवढंच. अखेर गंधार लागतो तेव्हा आपण त्याची वाट पाहत होतो हे आपल्याला कळतं. भूप आपल्याला येत नसला, तरी त्याची ओढ आपल्यात तयार झालेली असते. माझ्या मते त्यांचं मोठेपण आवाजाच्या गोडव्यात नाही, ते ही ओढ निर्माण करण्यात आहे.

आता मामूंचा प्रश्न. किशोरीताईंचा जन्म १९३२ चा. त्यांच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कुर्डी गावच्या. मोगूबाई सांगलीत असताना त्यांचा रियाज उस्ताद अल्लादियाखाँ यांच्या कानावर पडला आणि खाँसाहेबांनी त्यांना तालीम द्यायला सुरुवात केली. हे खाँसाहेब जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी गवई होते, पुढे मुंबईला गेले आणि तिथेच १९४६ साली त्यांचा इंतकाल झाला. दीनदार माणूस. आपले पूर्वज ब्राह्मण होते ही घराण्यात चालत आलेली हकीकत नातू अजीजुद्दीन खाँ यांना सांगितलेल्या आठवणींत त्यांनी लपवलेली नाही. त्यांच्या गायकीचा वारसा त्यांच्या मुलांनी चालवला, तसाच गोव्याहून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई यांनीही चालवला. मोगूबाईंकडून तो त्यांच्या लेकीकडे आला.

त्या तालमीची रीत कडक होती. आई ओळ एक-दोनदा म्हणे, ती उचलायची. पुन्हा पुन्हा मिळणार नाही, असं किशोरीताईंनी मुलाखतींतून सांगितलं आहे. घोकंपट्टीवर टीका करणाऱ्या आम्हा बी.एड. झालेल्या मंडळींनी इथे जरा थांबावं. आधी हुबेहूब घ्यायचं, अर्थ नंतर उमगतो, ही पद्धत हाफिज मुलं घडवणाऱ्या उस्तादांची. तीच खाँसाहेबांची आणि मोगूबाईंची.

पण हुबेहूब घेतलेलं पुढे तसंच ठेवायचं का? किशोरीताईंवरचा मुख्य आक्षेप इथला आहे. जयपूर घराण्याची गायकी तालाशी घट्ट विणलेली, आकाराची, पेचदार तानांची, अनवट रागांची. किशोरीताईंनी लय संथ केली, आलापी वाढवली, सरगम घेतली, भावाला पुढे आणलं. घराणं मोडलं, असं जाणकार म्हणाले. हा आक्षेप खोटा नाही. भूपातही काही वेळा बंदिशीचे शब्द विरघळून जातात, सम येते तशी कळतही नाही. खाँसाहेबांच्या इमारतीचा दगड न् दगड मोजता येई असं सांगतात. इथे भिंती धुक्यात जातात. हे नुकसान आहे, आणि ते नुकसान म्हणूनच मांडायला हवं.

तरीही मी किशोरीताईंच्या बाजूची आहे. कारण खाँसाहेबांच्या चरित्रातच आहे. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज गेला. पूर्वीचा आवाज परत आला नाही, तेव्हा उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. आज आपण ज्याला घराण्याची शुद्ध परंपरा म्हणतो, ती एका हरपलेल्या आवाजातून जन्मली. आणि किशोरीताई? त्यांचाही आवाज ऐन पंचविशीच्या सुमाराला गेला. त्या काळात त्या मनातल्या मनात गात राहिल्या. परतल्या तेव्हा गाणं बदललेलं होतं. ज्याला घराण्याशी बेइमानी म्हटलं गेलं, ती मला खाँसाहेबांच्या आयुष्याची उजळणी वाटते. चीजा तर त्यांनी आईकडून घेतल्याच. पण पडल्यावर नव्याने उभं कसं राहायचं हेही त्या नकळत त्याच घराण्यातून शिकल्या असाव्यात.

मामू, यात आपलं काय आहे, तर एका मुसलमान उस्तादाने परक्या घरातल्या मुलीचा रियाज ऐकला आणि हातचं राखून न ठेवता दिलं, हे आपलं आहे. ते दान त्या घराने जपलं, वाढवलं, आपल्या देवापुढेही मांडलं, हे त्यांचं आहे. गाणं जायज की नाजायज, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि राहतील. ज्याने त्याने आपल्या ईमानाप्रमाणे ठरवावं. पण हे गाणं "त्यांचं" आहे म्हणून टीव्ही बंद करू नये. तसं केलं तर आपण अल्लादियाखाँनाच घराबाहेर काढू. आणि हे केवळ मंदिरातलं गाणं आहे असं जे पलीकडून म्हणतात, तेही तेच करतात.

किशोरीताई ३ एप्रिल २०१७ रोजी गेल्या. त्या रात्रीची मैफल संपता संपता आमच्याकडची वीज गेली. शेवटची तान अर्धीच ऐकली. मामू अंधारात बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई घाई करत नव्हती." संगीताचा गंध नसलेल्या माणसाने केलेली ही समीक्षा माझ्या साऱ्या लेखापेक्षा नेमकी आहे.