अर्ध्या ग्रॅमची फेक

मिटलेल्या टेंकारा काठीकडे पाहून तिच्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. पन्नास-पंचावन्न सेंटिमीटरची एक नळी, एका बाजूला कॉर्कची मूठ, दुसऱ्या बाजूला बूच. दुकानात ती याच अवस्थेत असते आणि नवखा माणूस याच अवस्थेत तिची निवड करतो: रंग बघून, मुठीची घडण बघून, किंमत बघून. तिचा खरा गुण दिसतो तो पेरामागून पेर बाहेर काढल्यावर, शेंड्याला दोर बांधून पहिला झोका दिल्यावर. थोड्या पैशांत चांगली काठी घ्यायची असेल तर हा गुण ओळखायला शिकलं पाहिजे. मग शंभर डॉलरच्या आतली काठीही समाधान देते, आणि तो ओळखता आला नाही तर तिप्पट किमतीचीही देत नाही.

टेंकारा ही जपानच्या डोंगरी ओढ्यांमधली मासेमारी. तिच्यात रीळ नाही आणि काठीवर दोर ओवायच्या कड्याही नाहीत. काठी, तिच्या शेंड्याला बांधलेला ठरावीक लांबीचा दोर आणि दोराच्या टोकाला पिसं नि धागा गुंडाळलेला गळ, म्हणजे कृत्रिम माशी, एवढंच सामान. या माशीला तिथे केबारी म्हणतात. इवाना, यामामे, अमागो हे थंड, खळाळत्या पाण्यातले ट्राउटच्या कुळातले मासे धरून डोंगरातल्या विश्रामगृहांना विकणाऱ्या माणसांनी ही रीत घडवली. त्यांच्या काठ्या वेळूच्या असत. पुढे काचतंतू आले, मग कार्बन. तोरे कंपनीच्या कार्बन तंतूपासून जपानच्या ऑलिम्पिक कंपनीने १९७२ मध्ये अयू माशासाठी काठी बनवली, आणि लांब पण हलकी काठी ही कल्पना प्रत्यक्षात आली. आजची टेंकारा काठी त्याच वाटेवरची. जपानबाहेर तिचं नाव झालं ते फार उशिरा. डॅनियल गल्हार्दो यांनी २००९ मध्ये अमेरिकेत टेंकारा यूएसए सुरू केली. पॅटागोनिया कंपनीचे संस्थापक इव्हॉन श्विनार्ड यांनी २०१४ मध्ये दोन सहलेखकांसह या साध्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं. त्यानंतर स्वस्त काठ्यांचा बाजार भरला आणि निवडीचा प्रश्नही उभा राहिला.

आता त्या गुणाकडे येऊ. टेंकारात सर्वाधिक वापरला जातो तो एकसारख्या जाडीचा फ्लुओरोकार्बनचा दोर. जपानी मोजमापात साडेतीन क्रमांकाचा दोर ०.३१ मिलिमीटर जाड असतो. असा चार मीटर दोर वजनाला साधारण अर्धा ग्रॅम भरतो. या अर्ध्या ग्रॅमला काठीने हवेत मागे न्यायचं, सरळ करायचं, पुढे आणायचं आणि पलीकडच्या दगडामागे, हाताच्या पंजाएवढ्या संथ पाण्यावर उतरवायचं. त्यातही आधी माशी टेकली पाहिजे आणि दोर हवेतच राहिला पाहिजे. माशाला केबारी किड्यासारखी वाटते ती त्यामुळेच. मधल्या वेगवान प्रवाहाने दोर ओढला तर तिचं वाहणं लगेच खोटं दिसू लागतं.

अर्धा ग्रॅम वजनाने जी काठी वाकत नाही, तिच्यात फेकीसाठी ताकद साठतच नाही. मग माणूस खांद्याचा जोर लावतो, दोर पाण्यावर आपटतो आणि त्या डोहातला मासा पुढचा तासभर दिसत नाही. याउलट शेंडा पुरेसा मऊ असेल तर मनगटाचं छोटंसं वळण पुरतं. घड्याळाच्या काट्यांच्या हिशेबाने दहा ते बारा, एवढंच अंतर. मागे नेलं, क्षणभर थांबलो, पुढे आणलं. त्या क्षणभराच्या थांबण्यात दोर मागे उलगडतो आणि त्याचं वजन हाताला जाणवतं. ते जाणवणं हाच या काठीचा रस आहे, आणि नवख्याला तो पहिल्याच दिवशी मिळावा असं मला मनापासून वाटतं.

पण मऊपणा म्हणजे लुळेपणा नव्हे. फेक संपली की शेंडा किती लवकर स्थिर होतो, यावर काठीची प्रत कळते. वाईट काठीचा शेंडा फरशीवर पडलेल्या चिमट्यासारखा थरथरत राहतो. ती थरथर दोरात उतरते, दोराला लाटा येतात आणि माशी ठरल्या जागेच्या हातभर अलीकडे पडते. महाग जपानी काठ्यांत पैसे मोजले जातात ते बऱ्याच अंशी या निश्चलतेसाठी, आणि काही अंशी वीस-तीस ग्रॅम वजन वाचवण्यासाठी. वजन वाचण्याचं सुख दिवसभर ओढ्यात चालणाऱ्याला कळतं. नवख्याला त्यासाठी दुप्पट पैसे घालायची गरज नाही. निश्चलतेवर मात्र तडजोड करू नये. दुकानात काठी उघडू देत असतील तर ती पूर्ण उघडावी, एक छोटा झटका देऊन हात थांबवावा आणि नजर शेंड्यावर ठेवावी. दोन-तीन हेलकाव्यांत ती शांत झाली पाहिजे.

काठीवर ५:५, ६:४, ७:३, ८:२ असे आकडे लिहिलेले दिसतात. काठीचे दहा भाग कल्पिले तर खालचे किती ताठ राहतात आणि वरचे किती वाकतात, हे त्यातून सांगितलेलं असतं. ५:५ अर्ध्यापासून लवते, तिची लय सावकाश. ७:३ मध्ये शेंडाच काय तो वाकतो. नव्या माणसाला ६:४ घ्या असं सगळे सांगतात, मीही सांगतो. तिच्यात दोराचं वजन जाणवतं आणि मासा लागल्यावर धक्का पचवायला पुरेसा बाक मिळतो. मात्र हे आकडे सर्व कंपन्यांना बांधून ठेवणारं प्रमाण नाही. एकाची ६:४ दुसऱ्याच्या ७:३ पेक्षा कडक निघू शकते, कारण बाक कुठून सुरू होतो एवढंच तो आकडा सांगतो; त्यासाठी किती जोर लागतो हे सांगत नाही.

तो जोर मोजायची एक देखणी रीत आहे. फ्लाय रॉडसाठी विल्यम हॅनेमन यांनी ती मांडली आणि न्यू यॉर्कच्या टेंकाराबम या दुकानाचे ख्रिस स्टुअर्ट यांनी ती टेंकारा काठ्यांना लावली. काठी आडवी धरायची, शेंड्याला एक हलकी पिशवी अडकवायची आणि तिच्यात अमेरिकी पेनी एकेक करून टाकत जायचं. शेंडा काठीच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली आला की पेनी मोजायच्या. अलीकडची पेनी अडीच ग्रॅमची. पंधरा पेनींच्या आसपास मोजणारी काठी हलक्या दोरासाठी छान मऊ. वीसच्या पुढे गेली की ती मोठ्या माशांसाठी आणि जड दोरासाठी. पंधरा पेनी म्हणजे साडेसदतीस ग्रॅम. आपल्याकडे २०११ मध्ये आलेलं एक रुपयाचं स्टीलचं नाणं साधारण पावणेचार ग्रॅमचं, म्हणजे तशी दहा नाणी. घरच्या घरी, भिंतीवर पेन्सिलीची खूण करून ही परीक्षा होते. कंपनीच्या जाहिरातीतल्या सगळ्या विशेषणांपेक्षा तिच्यावर माझा जास्त विश्वास आहे.

लांबीचा विचार याच्याशी जोडूनच करावा. टेंकारा काठ्या साधारण अडीच मीटरपासून साडेचार मीटरपर्यंत मिळतात. लांब काठीचा मोह स्वाभाविक आहे, कारण काठी जितकी लांब तितका दोर प्रवाहावरून उचलून धरता येतो. पण स्वस्त काठीत लांबी वाढली की तोल मुठीपासून पुढे सरकतो. तराजूवर ऐंशी-नव्वद ग्रॅम दिसणारी काठी हातात मग कितीतरी जड लागते आणि दुपारपर्यंत मनगट भरून येतं. ३.६ मीटर, म्हणजे बारा फूट, ही कमी खर्चातल्या पहिल्या काठीसाठी सर्वांत समजूतदार लांबी आहे. दोन्ही काठांवरून झाडं वाकून एकमेकांना भिडलेल्या अरुंद ओढ्यातच जायचं असेल, तर तीन मीटरच्या आत या. एकाच काठीच्या दोन किंवा तीन लांबी करता येणारे प्रकारही मिळतात. त्यांत कल्पकता आहे, पण कमी किमतीत तोल एका लांबीला जमतो आणि दुसरीला बिघडतो. पहिली काठी एकाच लांबीची असावी.

मुठीवर फार वेळ घालवायला नको. कॉर्क ओल्या हातात बरी, फोम स्वस्त, लाकूड देखणं आणि जड. तर्जनी किंवा अंगठा वर टेकवून हात आखडत नसेल, तर मूठ ठीक.

शेंड्याला मात्र वेळ द्यायलाच हवा. सगळ्यांत बारीक पेर टोकाशी मिलिमीटरपेक्षाही कमी जाड असतं. त्यावर चिकटवलेली विणलेली छोटी दोरी, बहुधा लाल, तिला लिलियन म्हणतात. दोर बांधायचा तो हिलाच. काठी उघडताना लिलियन धरून आधी बारीक पेर बाहेर काढायचं, मग क्रमाने जाड पेरं. मिटताना उलट, जाडाकडून बारकाकडे. ओढायचं ते सरळ रेषेत, दोन बोटं सांध्याजवळ ठेवून. काठ्या माशाने क्वचित मोडतात. त्या मोडतात या उघडमिटीत, आणि माशी फांदीला अडकल्यावर काठीने हिसका मारण्यात. अडकली तर काठी मिटावी, दोर हातात धरावा आणि सरळ ओढावं. काठीपेक्षा आधी तुटेल असा बारीक धागा दोर आणि माशी यांच्यामध्ये बांधतात तो याचसाठी. या धाग्याला टिपेट म्हणतात; साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे ५एक्स टिपेटपेक्षा जाड बांधू नये. घरी आल्यावर बुडाचं झाकण उघडून पेरं सुटी करावीत आणि वाळू द्यावीत. ओलसर मिटलेल्या पेरांचे सांधे पुढच्या खेपेला हलत नाहीत. आणखी एक, जिवाशी संबंध असलेली गोष्ट: कार्बन वीजवाहक आहे. विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडत असताना ही काठी उघडायची नाही.

या सगळ्यातून माझी एक अट तयार झाली आहे. ज्या कंपनीची सुटी पेरं मिळत नाहीत, तिची काठी कितीही स्वस्त असली तरी ती महाग आहे. आयडाहोतल्या ड्रॅगनटेलची शॅडोफायर ३६५ नवख्यांना सुचवली जाते ती तिच्या बेताच्या किमतीइतकीच या कारणासाठीही. ३.६५ मीटरची ही काठी नाजूक नाही, पण हलक्या दोराला ती प्रतिसाद देते. थोडे अधिक पैसे घालता आले तर निस्सिन या जपानी कंपनीची प्रो स्क्वेअर ३६० बघावी. ती ६:४ आणि ७:३ अशा दोन्ही रूपांत आलेली आहे. मी ६:४ चीच घेईन. तिच्यात जपानी काठीची ती निश्चलता आहे, आणि साज अगदी कमी. साज कमी असल्यामुळेच ती परवडते.

काठी, गुंडाळलेला दोर, माश्या आणि पिशवी असा संच काही विक्रेते देतात. त्यातला दोर बहुधा पीळ घातलेला, काठीकडून टोकाकडे निमुळता होत जाणारा असतो. तो फेकायला सोपा, पण ओला झाला की जड होऊन काठीच्या शेंड्याकडे लोंबतो आणि पाण्याला टेकतो. त्याच्यावर शिकायला हरकत नाही. पण साडेतीन क्रमांकाच्या फ्लुओरोकार्बनचं एक रीळ घेऊन ठेवावं. काठीएवढा किंवा थोडा जास्त दोर कापावा आणि पुढे एक-दीड मीटर बारीक धागा जोडावा. माश्यांचा तर खर्च जवळजवळ नाहीच. या कलेचे जाणते हिसाओ इशिगाकी वर्षानुवर्षं एकाच घडणीच्या केबारीवर मासेमारी करत आले आहेत. डबाभर रंगीत माश्यांपेक्षा एकीच्या हालचालीवर प्रभुत्व मिळवणं हे त्यांचं तत्त्व, आणि कमी पैशांत शिकणाऱ्याला याहून सोयीचं तत्त्व सापडणार नाही.

गावातल्या दुकानात मिळणारी काचतंतूची लांब घडीची काठी चालेल का, असं मराठी मित्र विचारतात. पाण्यावर तरंगणारं भेंड आणि आमिष यांसाठी ती उत्तम. पण तिचा शेंडा अर्ध्या ग्रॅमला दाद देत नाही. जड दोर लावला तर माशी जाईल. मात्र दोर पाण्यावर पडेल, आणि टेंकारातलं सगळं सौंदर्य दोर पाण्यापासून दूर राखण्यात आहे. टेंकारा करायची कुठे, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत कोलोरॅडो, मोंटाना, वॉशिंग्टन अशा राज्यांत राहणाऱ्या मराठी माणसांच्या घरापासून ट्राउटचे ओढे फार लांब नाहीत; तिथे राज्याचा परवाना घेतला की झालं. भारतात ब्रिटिशांनी आणलेला ट्राउट हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात आणि काश्मीरच्या नद्यांत टिकून आहे. तिथेही परवाना लागतो, आणि हिमाचलात हिवाळ्यात ट्राउटची मासेमारी बंद असते. मोठ्या महसीरच्या नादाला मात्र या काठीने लागू नये. रीळ नसल्यामुळे पळत्या माशाला दोर सोडता येत नाही, आणि मग काठी तुटते किंवा धागा तुटून गळ माशाच्या तोंडात राहतो.

तेव्हा पहिल्या खरेदीचा माझा कौल असा: ३.६ मीटर, ६:४, पंधरा पेनींच्या आसपास. साडेतीन क्रमांकाचा दोर, ५एक्स टिपेट, एकाच प्रकारच्या अर्धा डझन केबारी. उरलेल्या पैशांत दुसरी काठी शोधू नका. त्याच काठीची शेंड्याकडची दोन सुटी पेरं त्याच वेळी मागवा आणि ओढ्यावर जाताना ती बरोबर न्या.