मिठावरच्या रेघा कुणाच्या?

रंगखात्यातल्या माणसाला मीठ काय ते सांगावं लागत नाही. सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगात नुसतं बुडवून रंग नीट धरत नाही. मिठाच्या गोणी ओताव्या लागतात, तेव्हा रंग पाणी सोडून धाग्यात शिरतो. त्या गोणी मी ओतल्यात. बोटांच्या भेगांत मीठ गेलं की काय होतं ते मला माहीत आहे. तेवढ्या अधिकारावर मिठाच्या फोटोंविषयी चार शब्द लिहितो. कलासमीक्षा हा आपला प्रांत नाही असं कुणी म्हणेल, तर म्हणू द्या.

फोटो एडवर्ड बर्टिन्स्की या कॅनडाच्या फोटोग्राफरचे. गुजरातेतल्या कच्छच्या छोट्या रणातली मिठागरं त्यानं आकाशातून टिपलीत. २०१६ साली श्टाइडल या जर्मन प्रकाशनानं त्यांचं पुस्तक काढलं. राखाडी, मातकट, निळसर, पांढरे चौकोन. त्यांना चिरत गेलेल्या रेघा. मधेच विहिरीचा ठिपका, गाडीच्या चाकांचे वळसे. पहिल्या नजरेत वाटतं, कुणी कॅनव्हासवर ब्रश फिरवलाय.

सुंदर आहेत का? आहेत. खोटं कशाला बोलू? रात्रपाळी करून आलो होतो, डोळे चुरचुरत होते, तरी मोबाइलवर बोटानं मोठे करकरून बघत बसलो. सौंदर्य म्हटलं की आपल्यातले काहीजण लगेच अंगावर येतात. मला ते पटत नाही. चांगलं डिझाइन दिसलं की आपणही दुकानाच्या काचेपुढं थांबतोच की.

पण मी कापडातला माणूस. चौकडी दिसली की विचारतो, ताणा कुणी लावला, बाणा कुणी मारला? चौकडी आपोआप पडत नाही. मिठागराच्या असल्या फोटोंना लोक सर्रास 'निसर्गाची नक्षी' म्हणतात. माझं भांडण इथं आहे.

निसर्गाचं ते निसर्गाला देऊ. मिठाचा खडा चौकोनी वाढतो, तो त्याचा अंगचा गुण. सुकल्या चिखलाला भेगा पडतात, त्या उन्हाच्या. काही मिठागरांचं पाणी गुलाबी-तांबडं होतं, ते खाऱ्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळं. पण रणातला चौकोन कुणाचा? पावसाळ्यात हे रण पाण्याखाली जातं. पाणी ओसरलं की आगरिया कुटुंबं पोराबाळांसकट तिथं येतात. विहीर खणायची. समुद्राहून कितीतरी खारट पाणी पंपानं उपसायचं, पूर्वी डिझेलवर, आता बऱ्याच ठिकाणी सौरपंपावर. जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायची. बांध घालायचे. पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात न्यायचं. मीठ धरू लागलं की दाताळं ओढत राहायचं, नाहीतर मिठाची सलग लादी बसते. उन्हाळ्यापर्यंत हेच. म्हंजे चौकोनाची कड हा कुणाचा तरी बांध आहे आणि तळाचा सपाटपणा या कुणाच्या तरी टाचा. आगरियाचे पाय मिठानं इतके ताठरतात की चितेतही नीट जळत नाहीत, असं तिकडं सांगतात.

बर्टिन्स्की बेईमान नाही. पुस्तकासोबतच्या मजकुरात आगरियांची कमी मजुरी आहे, कर्ज आहे, खोल जाणारं पाणीही आहे. पण ते सगळं शब्दांत आलंय. चित्रं काय म्हणतात? त्यांची उंची हीच त्यांची भूमिका. त्या उंचीवरून बांध दिसतो, बांध घालणारा हरवतो. उंचीचा एक फायदा मात्र मान्य करतो. जमिनीवरून या कामाचा पसारा ध्यानात येत नाही. आगरियालाही आपलं अख्खं काम असं क्वचितच दिसत असेल. साच्यावरच्या विणकराला हातापुढचं कापड दिसतं, पुरा तागा दिसत नाही, तसंच. तो पसारा दाखवला हे या चित्रांचं मोठेपण. त्याच वाफ्याचं दुसरं चित्र, उभ्या माणसाच्या नजरेतलं, शेजारी नाही, हा त्यांचा उणेपणा.

उणेपणा किरकोळ समजू नका. सरकारी दफ्तरात हे रण कैक वर्षं 'सर्व्हे नंबर शून्य' होतं. मोजणीच नाही, मग हक्काचा कागद कुठला? रानगाढवाला तिथं अभयारण्य मिळालं, चांगलंच झालं. पिढ्यानपिढ्या मीठ पिकवणाऱ्याच्या नावावर मात्र शून्य. दफ्तराला जो दिसला नाही, तो कॅमेऱ्यालाही दिसू नये? १९३० साली दांडीला उचललेलं मूठभर मीठ शाळेच्या पुस्तकात पोचलं. ते पिकवणारा हात अजून पुस्तकाबाहेरच आहे.

दोस्तांनो, कॅमेरा आता तुमच्याही खिशात आहे. नक्षी काढा, जरूर काढा. मिठागराची काढा, वीटभट्टीची काढा. एक फोटो वरून, एक उभ्यानं, एक पायाशी वाकून. आणि बटण दाबायच्या आधी समोरच्याला नाव विचारा, फोटो काढू का ते विचारा, काढल्यावर त्याला दाखवा. फोटोखाली जागेचं नाव लिहिता, तसं त्याची ना नसेल तर त्याचंही लिहा.

कापडाच्या काठावर गिरणीचा शिक्का असतो. विणणाऱ्याचा मी अजून पाहिलेला नाही.