पोलादपूरचा कवी आणि तंजावरची पोथी

सव हे माझे गाव. सावित्रीच्या काठी येथे उन्हाळी आहेत, म्हणजे गरम पाण्याची कुंडे. थंडीच्या दिवसांत आजूबाजूची माणसे गुडघे आणि कंबर घेऊन त्यांत बसायला येतात. नदी आमच्याकडे येते ती पोलादपुरावरून. त्या पोलादपुरात एका महाकवीची समाधी आहे, ही गोष्ट वयाची तिशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हती. एस. टी.तून मी ते गाव शेकडो वेळा ओलांडले असेल. गाडी थांबली की उतरून चहा घ्यायचा आणि पुन्हा चढायचे, एवढाच माझा पोलादपुराशी संबंध. मास्तर म्हणवून घेणाऱ्याला हे शोभणारे नाही, पण खरे ते सांगितलेले बरे.

हा कवी म्हणजे कवींद्र परमानंद. मूळचा नेवाशाचा. शिवाजीमहाराजांच्या सांगण्यावरून त्याने त्यांचे चरित्र संस्कृतात रचले, ते ‘शिवभारत’. १६६६ साली महाराज आग्र्यास गेले तेव्हा हा बरोबर होता. त्या काळच्या राजस्थानी पत्रांत त्याचे नाव येते. अशा माणसाचा ग्रंथ महाराष्ट्राने छापील रूपात पाहिला तो १९२७ साली! महाराजांच्या डोळ्यांसमोरचा कवी, आणि त्याच्या ग्रंथाला छापखाना दिसायला अडीचशे वर्षे लागली.

पोथी सापडली तीही आपल्याकडे नव्हे, तंजावरास. व्यंकोजीराजांच्या वंशजांनी कावेरीकाठी राज्य केले, सरस्वती महालात पोथ्यांचा संग्रह केला आणि सरफोजीराजांनी तो वाढवला. त्या भांडारात परमानंद जपला गेला. सदाशिव महादेव दिवेकर यांनी ती पोथी उजेडात आणली, तिचे मराठी भाषांतर केले, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ती प्रसिद्ध केली. भाषांतराचे हे श्रेय मला फार मोठे वाटते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. संस्कृत म्हणजे शाळेतली सुभाषिते आणि आजोबांची रामरक्षा. दिवेकरांनी केवळ मूळ छापून विद्वानांची वाहवा घेतली असती, तर परमानंद मजसारख्याला तंजावराइतकाच दूर राहिला असता.

हे १९२७ साल मोठे विलक्षण! त्या वर्षी महाराजांच्या जन्माची त्रिशताब्दी ठिकठिकाणी साजरी झाली, कारण जन्म १६२७ चा असे तेव्हा बहुतेक धरून चालत. आणि नेमक्या त्याच वर्षी हा ग्रंथ बाहेर येऊन सांगू लागला की जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०! लोकमान्य टिळकांनी १९१६ साली पुढे आणलेल्या जेधे शकावलीत हीच तिथी होती. आता तिला समकालीन कवीची साक्ष मिळाली. वाद पुष्कळ वर्षे चालला आणि २००१ साली सरकारने ही तारीख मान्य केली. (आमच्या महाडास मात्र १९२७ हे साल वेगळ्याच कारणाने आठवते. त्या मार्चच्या २० तारखेस डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

माझी तक्रार येथूनच सुरू होते. तिथीच्या या खटल्यात परमानंद साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहिला, तो अजून खाली उतरलेला नाही. त्याला विचारतात, अमुक लढाई केव्हा झाली, तमुक सरदार कोणाच्या बाजूस होता. त्याने उत्तर दिले की कागदावर टिपून घेतात आणि म्हणतात, ठीक आहे, जा. हा माणूस कवी आहे, त्याला वाचावे, असे म्हणणारे मला फार थोडे भेटले.

तो निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. पृथ्वीचे गाऱ्हाणे, देवांचे आश्वासन, विष्णूचा अंश, हा सारा पुराणांचा सरंजाम त्याने जसाच्या तसा उचलला आहे. सरदारांच्या नावांच्या याद्या तर इतक्या लांबतात की पटावरची हजेरी घेतल्यासारखे वाटते. पण कथानक हाती आले की हाच कवी बदलतो. खंडागळ्यांचा हत्ती बिथरतो, त्या गडबडीतून भोसले आणि जाधव एकमेकांवर तुटून पडतात, आणि सोयऱ्यांत रक्त सांडते. केवढ्याशा निमित्ताने केवढा अनर्थ! कादंबरी लिहिणाऱ्याने हे प्रकरण दोनदा वाचावे.

त्याचा दुसरा गुण अधिक दुर्मिळ आहे. तो शत्रूलाही चांगले बोलू देतो. १६६१ च्या उंबरखिंडीत कारतलबखान दाट रानात कोंडला जातो. तेथे त्याला खडसावते ती त्याच्याच सैन्यातली रायबागन. सिंहाच्या रानात फौज आणून घातलीस, आता शरण जा, असा तिच्या बोलण्याचा भावार्थ. त्या साऱ्या प्रसंगात शहाणपणाचे शब्द परक्या गोटातल्या बाईच्या तोंडी आहेत, आणि ते राजाच्या आज्ञेने लिहिणाऱ्या कवीने घातले आहेत. नुसत्या भाटाला हे सुचत नाही.

आणि संगमेश्वर! रात्री छापा पडतो, पिलाजी नीळकंठ घाबरून पळू लागतो, तेव्हा तानाजी मालुसरे त्याला धरतो, दोरीने धोंड्याला बांधून टाकतो आणि स्वतः लढतो. सिंहगडाचा तानाजी सर्वांना ठाऊक आहे; हा दोरीवाला तानाजी किती जणांना ठाऊक? उमरठ तर पोलादपूर तालुक्यातच.

अध्यायाअखेरीस परमानंद आपल्या ग्रंथाला एक लक्ष श्लोकांची संहिता म्हणतो. महाभारताएवढा संकल्प! हाती आले ते एकतीस अध्याय आणि बत्तिसाव्याचा आरंभ. कथा १६६१ सालच्या शृंगारपुरापाशी थांबते. आग्रा नाही, राज्याभिषेक नाही. १९५२ साली बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेत गो. स. सरदेसाई यांनी ‘परमानंदकाव्य’ संपादून छापले. त्यात देवदत्त आणि गोविंद यांच्याही रचना आहेत आणि विषय संभाजीराजांच्या काळात शिरतो. २००१ साली जेम्स लेन यांनी बहुलकरांच्या साहाय्याने शिवभारत इंग्रजीत नेले. म्हणजे कवी पुण्यास, बडोद्यास, परदेशास जाऊन आला. पोलादपूरच्या दुकानात त्याचे पुस्तक मागून पाहा!

फ्रान्समध्ये रँबो नावाचा कवी होऊन गेला. त्याचे एक छोटे पुस्तक १८७३ साली ब्रुसेल्सला छापून तयार झाले, पण छपाईचे पैसे पुरते चुकते झाले नाहीत म्हणून गठ्ठे छापखान्यातच पडून राहिले. ते १९०१ साली एका ग्रंथप्रेमी गृहस्थाला सापडले, तोवर कवी वारून दहा वर्षे झाली होती. त्या अठ्ठावीस वर्षांची हळहळ साऱ्या जगाने केली. आपण अडीचशे वर्षांची केली नाही.

माझ्याजवळची शिवभारताची प्रत एका निवृत्त गुरुजींनी मला दिली होती. जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचे पाणी घरात आले तेव्हा ती खालच्या फळीवर होती. गाळ धुतला, पानांत वर्तमानपत्राचे कागद घातले, आठवडाभर चुलीपासून हातभर अंतरावर ठेवली. बहुतेक पाने सुटली. शेवटची मात्र एकमेकांना अशी चिकटली आहेत की सुरी घालण्याचा धीर होत नाही. संगमेश्वर त्यांतच आहे.

म्हणून वर्गात तो प्रसंग मी आठवणीने सांगतो. मागल्या खेपेस मुलांना समाधीवर घेऊन गेलो होतो. गोष्ट संपल्यावर एका मुलाने विचारले, “गुरुजी, पिलाजीला मग सोडवला कोणी?” लढाई आपण जिंकली, एवढे मी त्याला सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. दुसरी प्रत मिळवण्याच्या खटपटीत मी आहे.