पॉलनचं डुक्कर आणि राहून गेलेला हिशोब

पीएचडीसाठी अमेरिकेत आले त्या वर्षी मायकेल पॉलनचं 'द ऑम्निव्होर्स डिलेमा' (२००६) वाचलं आणि पुढची दोन वर्षं भेटेल त्याला ते वाचायला सांगत सुटले. पॉडकास्टच्या निमित्ताने परत वाचलं. भाषा अजूनही तितकीच आवडली, पण या वेळी एक गोष्ट खटकत राहिली: डुकराचा हिशोब.

पुस्तकातला सगळ्यात लोभस भाग व्हर्जिनियातल्या जोएल सॅलटिनच्या पॉलिफेस फार्मवरचा. हिवाळाभर गोठ्यात शेण, लाकडाचा चुरा आणि मका यांचे थर चढत जातात. वसंतात तिथे डुकरं सोडतात. आंबलेल्या मक्याच्या वासाने ती सगळा ढीग उकरून खालीवर करतात आणि आयतं खत तयार होतं. पॉलन हे इतकं रंगून लिहितो की छोट्या शेतकऱ्याचं कोडं सुटलं असंच वाटतं. पण खत झाल्यावर डुक्कर विकायचं असतं, आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

सॅलटिन कोंबड्या शेतावरच कापतो. कायद्यात वर्षाला २०,००० पक्ष्यांपर्यंत तशी सवलत आहे. डुकराला नाही. मांस विकायचं तर सरकारी तपासणी असलेल्या कत्तलखान्यातच न्यावं लागतं. पॉलन हे सांगतो, पण सॅलटिनच्या सरकारवरच्या रागाचा एक नमुना म्हणून. माझ्या मते सगळ्या धंद्याची नाडी इथेच आहे. आमच्या शनिवारच्या बाजारात पोर्क विकणारे काका सांगतात, कत्तलखाना दोन तासांवर, आणि तारीख काही महिने आधी धरून ठेवावी लागते. तारीख हुकली तर तयार डुक्कर नुसतं खात बसतं, आणि खर्चात सगळ्यात मोठा वाटा खाद्याचाच असतो.

आता वजन बघा. २७० पौंडांचं जिवंत डुक्कर साफ केल्यावर २०० च्या आत येतं, आणि छाटून पाकिटांत भरलं की १४० च्या आसपास उरतं. बाकीचं कुठे जातं? नॉर्थ कॅरोलिनातल्या टार हील इथल्या कारखान्यात दिवसाला ३०,००० हून जास्त डुकरं कापली जातात. तिथे आतड्यांपासून हेपरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध बनवायला माल जातो, कातड्यातून जिलेटिन, चरबीचेही पैसे होतात. छोट्या शेतकऱ्याच्या चार डुकरांची आतडी गोळा करायला कोणी येत नाही. म्हणजे तेच जनावर, पण मोठ्याला त्याचा प्रत्येक तुकडा विकता येतो आणि छोट्याला फक्त मांस. स्वस्त पोर्कची किंमत निसर्ग आणि समाज मोजतात, हे पॉलनचं म्हणणं खरंच आहे. पण महाग पोर्कमागे नुसता प्रामाणिकपणा नसतो, हा तोटाही असतो.

कापणारा हात कोणाचा, यावर किती अवलंबून असतं ते १९९८ च्या डिसेंबरात दिसलं. डुकरं जास्त झाली, कत्तलखाने पुरे पडेनात, आणि भाव १०० पौंडांना १० डॉलरच्या आसपास कोसळला. अख्ख्या डुकराचे सत्तावीस-अठ्ठावीस डॉलर! दुकानातलं मांस काही त्या प्रमाणात उतरलं नाही. १९८० मध्ये देशात साडेसहा लाखांहून जास्त शेतांवर डुकरं होती, आता साठेक हजार. पुस्तक येण्याच्या आठच वर्षं आधीची ही पडझड. पॉलनच्या या गोष्टीत ती यायला हवी होती.

एक पळवाट आहे. काका जिवंत डुकराचा अर्धा हिस्सा आधीच विकतात. जनावर गिऱ्हाइकाचं झालं की ते घरच्यासाठी साध्या कसायाकडे कापून घेता येतं. पण त्याला एकरकमी पैसे आणि मोठा फ्रीजर लागतो. व्हिसावर, भाड्याच्या खोलीत, तिघांत एक फ्रिज असलेल्या आपल्यासारख्यांना ते कुठून जमणार? पॉलनचा 'जागरूक खाणारा' बहुतेक घरमालक असतो, हे तो कुठेच म्हणत नाही.

तरी पुस्तक वाचाच. फक्त डुकरं खत ढवळतात त्या पानावर थांबून विचारा: यानंतर हे जाणार कुठे, आणि कापायचे पैसे कोण देणार?