तीस वाव खोल

मुदखेडला समुद्र नाही. रेल्वेचं जंक्शन आहे, फुलांचे मळे आहेत, जवळून गोदावरी वाहते. तरी आज आम्ही समुद्रातल्या एका भुताविषयी बोलणार आहोत. ते भूत मराठवाड्याच्या ओळखीचं आहे, असं आमचं म्हणणं आहे.

'द ट्वायलाइट झोन' ही अमेरिकी मालिका १९५९ साली सुरू झाली. तिचा कर्ता रॉड सर्लिंग हा दुसऱ्या महायुद्धात स्वतः लढलेला सैनिक. तिचा एक भाग जानेवारी १९६३ मध्ये दाखवला गेला, 'द थर्टी-फॅदम ग्रेव्ह'. फॅदमला आपल्याकडचे कोळी वाव म्हणतात. दोन्ही हात पसरल्यावर जेवढं अंतर होतं, तेवढा एक वाव. तीस वाव म्हणजे साधारण ५५ मीटर.

गोष्ट अशी. ग्वाडलकॅनाल बेटाजवळून एक युद्धनौका चाललेली असते. समुद्राच्या तळातून ठोकल्याचा आवाज येतो. खाली वीस वर्षांपूर्वी बुडालेली पाणबुडी आहे. नौकेवरचा बेल हा त्या पाणबुडीवरून वाचलेला एकटा माणूस. त्या रात्री त्याच्या हातून इशाऱ्याचा दिवा पडला, त्यावरची झाकण-काच निघाली, उजेड फाकला आणि शत्रूला पाणबुडी दिसली. आता त्याला मेलेले सोबती दिसतात. बोटानं खुणावतात, ये म्हणतात. शेवटी तो समुद्रात उडी घेतो.

आता आपली मालिका आठवा. झी मराठीवर २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' आली. सावंतवाडीजवळच्या आकेरीचा तो वाडा घराघरांत पोचला. दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकरांनी अण्णा नाईक असा उभा केला की लोक त्याला शिव्याही द्यायचे आणि रोज बघायचेही. अण्णा जमिनी लुबाडतो, माणसं संपवतो. मग त्याच्या पापाची सावली घरावर पडते. पण नीट बघा, अण्णाला भीती वाटते. टोचणी लागल्याचं दिसत नाही. भूत हे तिथं थकलेल्या कर्जाच्या वसुलीला आलेल्या माणसासारखं येतं. करावे तसे भरावे, हा हिशेब प्रेक्षकाला पटतो, कारण त्यात प्रेक्षक स्वतः सुरक्षित असतो. आपण कुठं कोणाचा खून केलाय?

बेलचं उलट आहे. अण्णाकडे गुन्हा आहे आणि टोचणी नाही. बेलकडे टोचणी आहे आणि गुन्हा नाही. म्हणून बेल आपल्याला सुरक्षित बसू देत नाही. दिवा कोणाच्याही हातून पडू शकतो.

कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञानं १९४६ साली अपराधाचे चार प्रकार सांगितले: फौजदारी, राजकीय, नैतिक आणि चौथा अतिभौतिक. पहिल्यासाठी कोर्ट आहे. चौथ्यासाठी माणसांचं कोर्टच नाही. दुसरे मेले आणि मी जगलो, एवढीच त्यातली फिर्याद. बेलची कबुली ऐकून कॅप्टन त्याला समजावतो की तुझा दोष नाही. बोलणं खरं आहे, पण उपयोगाचं नाही. जो खटला दाखलच नाही, त्यातून निर्दोष सुटायचं कसं?

या भागात दोष आहेत. तासाभराच्या वेळेत कथा ताणली गेली आहे. मोठी चूक शेवटी होते. पाणबुडे खाली उतरतात, तर एका मृत खलाशाच्या हातात हातोडा सापडतो. तोवर पाण्यानं काही सुटा भाग आपटत असेल, अशीही वाट कथेनं मोकळी ठेवलेली असते. हातोडा दाखवला की भूत खरं ठरतं, म्हणजे मेलेले खरोखरच वसुलीला आले होते. सर्लिंग तिथं आपल्या वाड्यातल्या भुतांपर्यंत खाली येतो. आवाज नुसता बेलच्या कानात राहिला असता, तर तो आपल्याही कानात राहिला असता.

आता आपल्याकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. जवळपास दहा हजार माणसं गेली. अशा वेळी कोणी शेतात झोपलेला असतो म्हणून वाचतो, आणि घरात झोपलेले जातात. त्याच्या मनात जो प्रश्न उरतो, तो बेलचाच: मीच का उरलो? घरं नव्यानं बांधून होतात, यादीत नाव लागतं, पंचनामा होतो. या प्रश्नाचा पंचनामा होत नाही.

अशा माणसाला आपण चटकन म्हणतो, "तुझा काय दोष त्यात, विसर आता." कॅप्टनही तेच म्हणाला होता. आम्हाला वाटतं, आधी निवाडा देऊ नये. जवळ बसावं, त्या रात्री काय काय झालं ते त्याला सांगू द्यावं, गेलेल्यांची नावं घेऊ द्यावीत. टोचणी त्यानं जाईलच असं नाही. पण खालून येणारा तो आवाज त्याला एकट्याला ऐकावा लागणार नाही.