‘तू’ म्हणण्याचा अधिकार

नाती कशी सांभाळावीत हे सांगणाऱ्या पुस्तकांना तोटा नाही. पण ‘नाते म्हणजे काय’ असा मुळातला प्रश्न विचारणारी पुस्तके थोडीच. मार्टिन बूबर ह्या ज्यू तत्त्वचिंतकाचे १९२३ साली जर्मनीत निघालेले ‘इख उन्ट डू’ हे त्यांतले एक. सरळ मराठीत ‘मी आणि तू’.

बूबरचे म्हणणे थोडक्यात असे. माणूस जगाशी दोन तऱ्हांनी वागतो. एक तर समोरच्याला तो ‘ते’ समजतो, म्हणजे मोजण्याची, वापरण्याची वस्तू. नाही तर सगळे मन ओतून त्याला ‘तू’ म्हणतो. ह्या दोन्हींतला ‘मी’ मात्र एकच नव्हे! वस्तूंत वावरणारा निराळा, ‘तू’ म्हणणारा निराळा. देवाकडे जायचे तेही माणसांना वगळून नव्हे. प्रत्येक खऱ्या ‘तू’मधूनच ती वाट पुढे जाते. ज्यूंतील हसिदी पंथाच्या भक्तांनी नित्याच्या खाण्यापिण्यात आणि कामधंद्यातही उपासना पाहिली. त्यांच्या कथा बूबरने पुन्हा सांगितल्या, आणि त्यांचाच संस्कार ह्या विचारावर आहे.

हे केवळ पुस्तकी पांडित्य नव्हे. आईवडील विभक्त झाल्याने बूबर आजीआजोबांकडे वाढला. आई कधीच परतणार नाही, हे त्याला एका थोड्या मोठ्या मुलीच्या तोंडून कळले. पुढे एकदा एक तरुण त्याला भेटायला आला. बूबर आपुलकीने बोलला. पण तरुणाच्या ओठांवर न आलेला प्रश्न त्याला ऐकू गेला नाही. तो कळला, तेव्हा तरुण ह्या जगात नव्हता. सौजन्य होते, भेट झाली नव्हती.

पुस्तकाची भाषा सूत्रमय आणि जागोजागी जड आहे, हा दोष मानलाच पाहिजे. १९३७ च्या इंग्रजी भाषांतराने जर्मन ‘डू’साठी ‘दाऊ’ हा प्रार्थनेतला जुना शब्द घेतला, आणि घरगुती जवळीक हरवली. मराठीला ही अडचण नाही. आपण आईला ‘तू’ म्हणतो, आणि विठ्ठलाशी भांडणारी जनाबाईही त्याला ‘तू’च म्हणते.

पण येथेच बूबरला न पडलेला एक प्रश्न मराठी वाचकाला पडावा. आपला ‘तू’ नेहमी प्रेमाचाच असतो का? पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्याने ‘अगं’ म्हणावे आणि बायकोने ‘अहो’; मोलकरणीला ‘तू’, साहेबांना ‘आपण’! ज्या ‘तू’ला उलटून ‘तू’ म्हणण्याची मुभा नाही, तो जवळीक दाखवतो की पायरी?

१९५७ साली जोडलेल्या उत्तरलेखात बूबरनेच मान्य केले, की गुरुशिष्याच्या नात्यात पूर्ण परस्परता येऊ शकत नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या बाजूनेही अनुभवावे, विद्यार्थ्याकडून तशी अपेक्षा धरू नये. मी शिक्षक आहे, मला हे पटते. मात्र घरात ही सवलत कुणी घेऊ नये. नवराबायकोत कुणी मास्तर नसतो.

अखंड सुखाचे आश्वासन हे पुस्तक देत नाही. प्रत्येक ‘तू’ कधी ना कधी ‘ते’ होतोच, असे बूबर स्पष्ट बजावतो. म्हणूनच मला तो विश्वासाचा वाटतो. नाते एकदा जुळवून ठेवून द्यायची वस्तू नव्हे. माणसाला पुन्हा पुन्हा हाक मारावी लागते, आणि त्याची हाक ऐकावीही लागते. घर माणसांनी भरलेले असताना, ह्या दिवाळीत, एवढे करून पाहण्याजोगे आहे.