उंबरठ्याखालचे शहर : एका नियमावलीचे लोह्यातून वाचन

बांधकामाची नियमावली कोणी साहित्य म्हणून वाचत नाही. पण प्रत्येक मजकुराला एक गृहीत वाचक असतो, तसे अशा नियमावलीच्या पोटात एक गृहीत घर असते. ते किती मोठ्या जागेवर आहे, किती रुंद रस्त्याला लागून आहे, बांधणारा माणूस कोण आहे, हे सगळे लिहिणाऱ्याने आधीच मनाशी ठरवलेले असते. ते घर आणि आपल्या गावातले घर यांत किती अंतर आहे, हे तपासणे म्हणजेच नियमावलीची समीक्षा. महाराष्ट्राची 'एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली' डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. बृहन्मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता ती पुण्यापासून लोह्यापर्यंत सर्वत्र एकच आहे. म्हणून ती लोह्यात बसून वाचून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

लोहा हे नांदेड–लातूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. नगरपरिषद आहे, बाजार आहे, आणि तालुक्याच्या अशा कोणत्याही गावासारखेच तेही रस्त्याच्या अंगाने वाढते आहे. जुन्या गावाचा पोत वेगळा होता. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद, पुढे ओसरी, मागे परस, आणि दोन घरांमध्ये बैलगाडी जेमतेम जाईल एवढी बोळ. ही रचना कोणा नगररचनाकाराने आखलेली नव्हती. मुंबई इलाख्यात १९१५ सालीच नगररचनेचा कायदा आला, पण तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे हैदराबाद शहरासाठी १९१२ मध्ये सुधारणा मंडळ स्थापन झाले, मात्र त्याचे काम राजधानीपुरते होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने पुढे सगळ्या राज्याला एक चौकट दिली. म्हणजे नियोजनाची परंपरा आपल्याकडे उशिरा आली, आणि आली ती दुसरीकडे तयार होऊन आली.

नव्या नियमावलीचे श्रेय आधी मान्य केले पाहिजे. पूर्वी एका शहराचा नियम दुसऱ्याला लागू पडत नसे, आणि त्या गोंधळात अधिकाऱ्याची मर्जी हाच खरा नियम होऊन बसे. ते बरेच कमी झाले. छोट्या घरमालकाला दिलासाही मिळाला. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा सादर करून शुल्क भरले की त्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी. खेटे घालून थकलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण याच तरतुदीपाशी थांबून बाकीचे उंबरठे एका ओळीत मांडून पाहावेत. पावसाचे पाणी जिरवण्याची सक्ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या बांधकामाला. मनोरंजनासाठी दहा टक्के मोकळी जागा सोडण्याची सक्ती ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या विकासाला. आता आपल्याकडचे मोजमाप घ्या. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट म्हणजे १११ चौरस मीटर, तीस बाय पन्नासचा १३९. तालुक्याच्या गावात सामान्य माणूस घेतो तो प्लॉट याच मापाचा. पाचशेचा उंबरठा गाठायला तीस बाय चाळीसचे साडेचार प्लॉट एकत्र करावे लागतील. आणि ०.४ हेक्टर म्हणजे जवळजवळ नेमका एक एकर. वीस किंवा तीस गुंठ्यांचा तुकडा पाडून विकणाऱ्याला मोकळ्या जागेचा प्रश्न पडत नाही. एका रस्त्याला लागून असे चार तुकडे पडले, तर दोन-अडीच एकरांची वस्ती उभी राहते आणि तिच्यात मुलांना खेळायला एक गुंठाही उरत नाही.

म्हणजे नियमावलीचे गृहीत घर हे अपार्टमेंट आहे, आणि गृहीत बांधणारा बिल्डर. पायाभूत १.१० चटई क्षेत्र, त्यावर अधिमूल्य भरून मिळणारे वाढीव क्षेत्र, निवासी इमारतीला साठ टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र, ही सगळी 'प्रोत्साहना'ची भाषा त्याच्याशी बोलते. मिस्त्रीला हाताशी धरून, दोन हंगामांच्या पैशांतून आधी खाली आणि मग वर बांधणाऱ्या माणसाशी नियमावली फारसे बोलतच नाही. त्याला ती सूट देते आणि पुढे जाते. सूट म्हणजे मार्गदर्शन नव्हे. मूळ मजकूर इंग्रजीत आणि शेकडो पानांचा. तो वाचायचा कोणी, हाही प्रश्न आहेच.

पाण्याचे उदाहरण घेतले की या मौनाची किंमत कळते. ७० चौरस मीटरच्या स्लॅबवर वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ५६,००० लिटर पाणी पडते. असे शंभर स्लॅब म्हणजे ५६ लाख लिटर. हे पाणी आज गटारात, नाही तर शेजाऱ्याच्या दारात जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या भागाने ती गाडी पाहिली, त्याच भागातल्या बहुसंख्य छपरांना पाणी जिरवण्याचा नियम स्पर्शही करत नाही. लेआउटच्या मोकळ्या जागेत पाणी जिरवावे असे नियम सांगतो खरा, पण एकराच्या आतल्या तुकड्यात ती जागाच नसते. दोन उंबरठे एकमेकांना असे पूरक ठरतात.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसारही मृतांची संख्या आठ हजारांच्या घरात होती. माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे पदर एकमेकांना बांधलेले नव्हते, आरपार जाणारे जोडदगड नव्हते, आणि वर माळवदाचे ओझे होते. तेव्हाच्या नकाशात हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो तिसऱ्या पट्ट्यात आला. मार्च २०२४ मध्ये हिंगोली–नांदेड परिसराला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा लोक पुन्हा रस्त्यावर आले. अशा प्रदेशात १५० चौरस मीटरपर्यंतचे घर 'कमी जोखमीचे' या वर्गात पडते. प्रशासनाच्या दृष्टीने जोखीम म्हणजे फाइल अडकण्याची जोखीम. घरात झोपणाऱ्याची जोखीम वेगळी असते, आणि ती भूखंडाच्या मापाने कमी होत नाही.

किल्लारीनंतरचे पुनर्वसन हाही मानकांचाच एक प्रयोग होता, आणि त्यातून उलट्या बाजूचा धडा मिळतो. ५२ गावे नव्या जागी वसवली. घरे जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. सरळ रेषेत आखलेली, रुंद रस्त्यांची. घरे भक्कम झाली, ते महत्त्वाचेच. पण गाव पसरले. ओसरीवरून ओसरीवर जाणारा आवाज रुंद रस्त्यात हरवला. लोकांनी पुढे पत्रे टाकले, चुली बाहेर आणल्या, जनावरांना आडोसे केले. गरज मानकात न मावल्याने लोकांनी ती आपल्या हाताने भागवली. म्हणजे मानक अजिबात नसणे जसे घातक, तसे राहणीची ओळख नसलेले मानकही अपुरे. यात जुन्या वाड्याचे गोडवे गाण्याचा उद्देश नाही. त्या वाड्यानेच माणसे गाडली, हे मराठवाड्याने विसरू नये.

नियम आणि वास्तव यांतली फट शासनालाही ठाऊक आहे, याचा पुरावा कायद्यातच आहे. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची सोय केली. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. नवी नियमावली लागू झाली तीही २०२० च्या डिसेंबरमध्येच. ज्या महिन्यात सगळ्या राज्याला एक नियम दिला, त्याच महिन्याच्या अखेरपर्यंतच्या गुंठेवारीला नंतर शुल्क घेऊन माफी दिली. प्लॉट घेणाऱ्याने यातून काय शिकायचे? आधी बांधा, नियम मागून येईल. त्याला दोष देता येत नाही. त्याच्या ऐपतीतला कायदेशीर प्लॉट बाजारात फारसा नसतोच.

मग नियम आणखी कडक करावेत का? तसे केले तर सामान्य माणूस पुन्हा खेटे घालू लागेल. उपाय उंबरठा मोजण्याच्या पद्धतीत आहे. मोकळी जागा आणि पाणी यांचा हिशेब एकेका तुकड्याने न करता सर्व्हे नंबरच्या आणि रस्त्याच्या हिशेबाने करता येईल. दहा घरांच्या ओळीला मिळून एक शोषखड्डा हा नगरपरिषदेला झेपणारा नियम आहे. परवानगीच्या पोचेसोबत घरमालकाला आठ-दहा पानांची मराठी पुस्तिका द्यावी. काळ्या मातीत पाया कसा घ्यावा, जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि स्लॅबखाली पट्टे कसे टाकावेत, हे चित्रांसह मिस्त्रीला कळेल असे तिच्यात असावे. नगरपरिषदेच्या अभियंत्याने जोत्याच्या वेळी एकदा येऊन पाहावे, ते अडवण्यासाठी नव्हे, सांगण्यासाठी.

लोहा तालुक्यातच माळेगावला दर मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, दुकाने, तमाशाचे फड आणि लाखोंची गर्दी. माळावर काही दिवसांचे एक शहर उभे राहते, आणि ते उभे राहते यात्रेकरूंना पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असलेल्या रिवाजावर. कायमच्या शहराला रिवाज पुरत नाही. त्याला लेखी नियमच हवा. पण ज्यांनी तो पाळायचा त्यांना तो वाचता यावा, आणि त्यांच्या तीस बाय चाळीसच्या प्लॉटला त्याने मोजावे, एवढी अपेक्षा वाजवी आहे. लोह्याच्या आसपासचे माळ आणि शेते आत्ता प्लॉटमध्ये रूपांतरित होत आहेत. खुणेचे दगड एकदा रोवले गेले की रस्त्याची रुंदी, पाण्याची वाट आणि मुलांचे मैदान पुढच्या दोन पिढ्यांपुरते ठरून जाते. त्या दगडांच्या आधी नियमाने तिथे पोचायला हवे.